पुणतांब्याचे अण्णा आणि आमचा लॅपटॉप

मागच्या दिवाळीत माझ्या नातीने आमच्या कोल्हारच्या घरात एक चाल तयार केली. तयार केली म्हणजे गायली नाही आणि वाजवलीही नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर आडव्या रेघा होत्या, त्या रेघांवर ती माऊसने चौकोनी ठिपके मांडत बसली होती. वरची रेघ झांजेची, त्याखालची ढोलाची, सर्वांत खाली कसल्याशा जाड स्वराची. सगळे मांडून झाल्यावर तिने एक बटण दाबले आणि खोलीत नसलेली दहा माणसे एकदम वाजवू लागली. मी दारात उभा होतो. पस्तीस वर्षे लगीनसराईत क्लॅरोनेट वाजवलेला माणूस मी. मनात पहिला विचार आला तो असा, की ही दहा माणसे कुणाच्या पंगतीला बसणार नाहीत आणि रात्री उशिरा कुणाकडे मजुरीही मागणार नाहीत.

हा सल जुना आहे. माझ्या वडिलांनी उभा केलेला अठरा माणसांचा बँड माझ्या मुलाने २००६ साली बंद केला आणि त्या जागी मोठे स्पीकर आणले. वरातीला लोक डीजे मागत होते, बँडला सुपारी मिळेनाशी झाली होती, अठरा माणसांना वर्षभर सांभाळणे परवडत नव्हते. त्याचा हिशेब बरोबर होता, हे मला तेव्हाही कळत होते. पण वडिलांचे युफोनियम त्याने पितळेच्या भावात मोडीत घातले, त्या दिवसापासून आम्हा बापलेकांत गरजेपुरतेच बोलणे उरले. त्याच्या एकाही कार्यक्रमाला मी गेलो नाही. यंत्राच्या आवाजाला मी संगीत म्हणत नसे, आणि तसे चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

आणि आता त्याच घरात त्याचीच मुलगी संगणकावर संगीत शिकत होती. कॉलेजातून आली की कानाला हेडफोन लावायची, परदेशी शिक्षकांची चित्रफीत बघायची आणि वहीत टिपणे काढायची. एके दिवशी तिने मला विचारले, की आबा, यंत्र तर समजू लागले, पण चाल कशी बांधायची, वाद्यांची वाटणी कशी करायची, हे कुणाचे ऐकून शिकावे? तिला वाटले असेल, मी कुणी गवई सांगेन. मी म्हटले, आपल्याच तालुक्यातला एक माणूस आहे, सी. रामचंद्र. तिला नाव ठाऊक नव्हते. मात्र ‘ऐ मेरे वतन के लोगो’ तिने शाळेत दर सव्वीस जानेवारीला म्हटले होते. चाल पाठ आणि चाल बांधणारा अनोळखी, असे आपल्याकडे नेहमीच होते.

पेटीवाला

गोदावरीच्या काठी पुणतांबे, प्रवरेच्या काठी आमचे कोल्हार. आज दोन्ही गावे राहाता तालुक्यात आहेत आणि मधला रस्ता फार तर तासाभराचा. पुणतांबे म्हणजे चांगदेवांच्या समाधीचे गाव आणि दौंड–मनमाड लोहमार्गावरचे स्टेशन. तिथे १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. आमच्या बँडमधली जुनी माणसे त्यांना नुसते अण्णा म्हणत, जणू ते रोज संध्याकाळी कोल्हारच्या पारावर येऊन बसत असावेत. सिनेसृष्टीतही त्यांना अण्णाच म्हणत.

अण्णांचे रीतसर शिक्षण गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे झाले. विनायकबुवा हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पलुस्करांनी आपल्या संगीताला स्वतःची स्वरलिपी दिली. गळ्यातले कागदावर उतरवता येते, ही शिस्त त्या परंपरेतली. पुढे ज्यांच्या गाण्यांत सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट वाजले, त्यांचा पाया हा असा ख्यालाचा आणि पलट्यांचा होता, हे लक्षात ठेवायला हवे.

पण त्यांना व्हायचे होते नट. १९३५ साली वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांना थेट नायकाची भूमिका मिळाली. त्यातून नायक म्हणून पुढची वाट काही उघडली नाही. मग ते सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये गेले, ‘सैद-ए-हवस’ आणि ‘आत्मतरंग’ यांत लहानसहान कामे केली आणि तिथेच संगीतकार बुंदू खाँ व हबीब खाँ यांच्या हाताखाली पेटी वाजवू लागले. नायक व्हायला गेलेला तरुण पेटीवाला झाला. हल्लीच्या भाषेत याला अपयश म्हणतील. मला मात्र वाटते, त्यांचे खरे शिक्षण इथे झाले. साथीच्या पेटीवाल्याला सगळे दिसते. चाल कुठे अडते, गायक कुठे श्वास घेतो, कोणत्या वाद्याने कुठे गप्प बसायचे, हे त्याला बोटांतून कळत जाते.

संगीतकार म्हणून त्यांना पहिली संधी मिळाली तीही मराठीत किंवा हिंदीत नव्हे, तर ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ या तमिळ चित्रपटांत. भाषा परकी, पण स्वर ओळखीचे. १९४२ साली मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ने त्यांचे नाव हिंदीत झाले. भगवान हे कामगार वस्तीतून वर आलेले, मारधाडीचे स्वस्त चित्रपट काढणारे गृहस्थ. त्यांची आणि अण्णांची जोडी पुढे दशकभर टिकली.

हे सांगत असताना नातीने मला तिचे पहिले यंत्र दाखवले. दोन सप्तकांची छोटी पेटी, वायरने लॅपटॉपला जोडलेली. गंमत अशी, की तिच्यातून स्वतःचा आवाज येतच नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढाच निरोप ती लॅपटॉपला देते. त्या निरोपाच्या पद्धतीला मिडी म्हणतात. माझ्या डोक्यात हे शिरेना. आवाज नसलेली पेटी कसली पेटी? मग ध्यानात आले, की ही तर स्वरलिपीच झाली. कागदावरच्या ‘सा’ला कुठे आवाज असतो? तोच कागद क्लॅरोनेटवाल्यापुढे ठेवला तर क्लॅरोनेट वाजते, ट्रम्पेटवाल्यापुढे ठेवला तर ट्रम्पेट. नातीने नेमके तेच करून दाखवले. एकच ओळ आधी बासरीला दिली, मग व्हायोलिनला. माझा पहिला धडा पुरा झाला.

एका मायक्रोफोनचा काळ

दुसरा धडा थरांचा होता. तिच्या पडद्यावर प्रत्येक वाद्याची वेगळी पट्टी असते, तिला ट्रॅक म्हणतात. एक चुकली तर तेवढीच पुसायची. आवाज कमी-जास्त करायचा, डाव्या कानाकडे किंवा उजव्या कानाकडे सरकवायचा, सगळे नंतर, निवांत.

अण्णांच्या उमेदीच्या काळात हे सुख नव्हते. गायक, कोरस आणि पूर्ण वाद्यमेळ एकाच खोलीत उभा राही. मायक्रोफोन मोजके, आणि सगळ्यांचा आवाज त्याच क्षणी एकत्र होऊन एकाच पट्टीवर उमटे. शेवटच्या कडव्यात तबलजीचा हात चुकला तर पहिल्या सुरापासून पुन्हा सुरुवात. आवाज लहान-मोठा करायचा तर बटण नव्हे, माणूस सरकवायचा. ट्रम्पेटसारखे चढे वाद्य मायक्रोफोनपासून दूर, बासरी जवळ, गायिका सर्वांत जवळ. त्यातही ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. म्हणजे आधी मनात मिक्सिंग करायचे आणि मग माणसे उभी करायची.

नातीला हे अवघड वाटले, मला मुळीच नाही. आमच्या बँडमध्ये दुसरे काय होते? क्लॅरोनेट पुढे, मोठा ढोल मागे. नवरदेवाच्या घोड्याजवळ उभ्या असलेल्याला सूर ऐकू यावा आणि वरातीच्या शेपटापर्यंत ताल पोचावा, यासाठी वडील माणसांच्या रांगा लावत. गल्ली अरुंद असली की ट्रम्पेटवाल्याला तोंड वर करायला सांगत, म्हणजे आवाज भिंतीवर न आदळता वर जाई. नातीच्या यंत्रात यासाठी दहा बटणे आहेत. नावे निराळी, काम तेच.

१९४७ साली ‘शहनाई’ आला. अण्णांनी त्यात अल्टो सॅक्सोफोन, गिटार आणि तोंडाने वाजवायचा बाजा एकत्र आणला, वर शीळ घातली, आणि रविवारच्या भेटीचे ते खट्याळ गाणे देशभर गेले. १९४९ साली ‘पतंगा’तले रंगूनच्या टेलिफोनचे गाणे आले; त्यात शमशाद बेगमबरोबर गाणारा पुरुष आवाज स्वतः अण्णांचा. गायक म्हणून ते चितळकर हे नाव लावत. ‘समाधी’, ‘सरगम’, ‘निराला’ हे तिन्ही १९५० चे. आणि १९५१ साली भगवान यांचा ‘अलबेला’. बोंगो, ओबो, क्लॅरोनेट, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट त्यात असे काही एकमेकांत गुंफले, की चित्रगृहात लोक पडद्यावर पैसे फेकत.

हे एकट्या अण्णांचे कर्तृत्व नव्हते, आणि ही गोष्ट नातीला मी मुद्दाम सांगितली. पेटीवर चाल बांधणारे अण्णा; तिचा वाद्यमेळ मांडायला हाताशी गोव्याचे वादक. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन लहानपणीच शिकवत. ती मुले पुढे मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये जॅझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला येत. त्यांतला चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवाला, मूळ नाव आंतोनियो झेवियर व्हाझ, अण्णांचा साहाय्यक होता. ‘अलबेला’त तो आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. पुणतांब्याचा पेटीवाला आणि गोव्याचा ट्रम्पेटवाला यांच्या मधोमध एक कागद असे. मिडी म्हणजे तो कागद, असे मी नातीला म्हणालो तेव्हा तिने वहीत टिपून घेतले.

आम्ही दोघांनी मग एक खेळ सुरू केला. ‘अलबेला’चे एक गाणे लावायचे आणि दर खेपेला एकाच वाद्याचा माग काढायचा. पहिल्यांदा नुसता ठेका. दुसऱ्यांदा फक्त जाड स्वर. तिसऱ्यांदा दोन ओळींच्या मधल्या जागा कोण भरते ते. त्या खेळात नातीच्या एक गोष्ट ध्यानात आली, जी मी आयुष्यभर वाजवूनही कधी शब्दांत मांडली नव्हती. अण्णांच्या गाण्यात सगळी वाद्ये एकाच वेळी फार थोडा वेळ वाजतात. एक बोलते तेव्हा दुसरे ऐकते. तिच्या स्वतःच्या चालीत मात्र दहाही पट्ट्या पहिल्यापासून शेवटपर्यंत भरलेल्या होत्या. त्या रात्री तिने निम्म्या ठिपक्यांवर खोडरबर फिरवला, आणि चाल मोकळी झाली.

दोन सालांची गंमत

‘अलबेला’ ज्या साली आला, त्याच १९५१ साली संगणकाने पहिल्यांदा गाण्याची चाल वाजवली. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरएसी नावाच्या खोलीएवढ्या यंत्राला लोकांपुढे कूचगीत वाजवायला लावले गेले. इंग्लंडात मँचेस्टरच्या यंत्रावर ख्रिस्तोफर स्ट्रॅची या शाळामास्तराने आज्ञा लिहून राष्ट्रगीत आणि एक बडबडगीत वाजवून घेतले. बीबीसीने ते ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे. आवाज म्हणाल तर भुंग्याच्या गुणगुणण्यासारखा.

दुसरे साल १९५७. अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने आयबीएमच्या यंत्रासाठी म्युझिक नावाची आज्ञावली लिहिली आणि १७ सेकंदांचा एक तुकडा वाजवला. आवाजाची लाट आकड्यांत लिहायची आणि आकड्यांतून पुन्हा आवाज काढायचा, ही वाट तिथे पक्की झाली. नातीच्या लॅपटॉपमध्ये हेच चालते. माझ्या क्लॅरोनेटचा आवाज तो एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतो आणि दर वेळचा आकडा लिहून ठेवतो. सिनेमा म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रे. तसे हे भराभर वाचलेले आकडे.

त्याच १९५७ साली मुंबईत ‘आशा’ आला आणि त्यातल्या ‘ईना मीना डीका’ने धमाल उडवली. एकदा किशोरकुमारच्या आवाजात, एकदा आशा भोसलेंच्या. या गाण्याच्या जन्माची गोष्ट अशी सांगतात, की संगीतकाराच्या खोलीबाहेर मुले खेळता खेळता राज्य कुणावर हे ठरवण्यासाठी निरर्थक शब्दांची गणती म्हणत होती. तीच अण्णांनी उचलली, आणि साहाय्यक जॉन गोम्स यांनी कोकणी शब्दांची भर घातली. शब्दांना अर्थ नाही, पण प्रत्येक अक्षर तालावर टिचकी मारते. आजची मुले रस्त्यावरचा एखादा आवाज मोबाईलवर पकडतात, त्याचा तुकडा कापतात आणि त्याचाच ठेका करतात. अण्णांनी तो तुकडा कानाने कापला.

अमेरिकेतला तो १७ सेकंदांचा तुकडा अण्णांनी ऐकला असण्याचा संभव नाही. पण विजेचा आवाज तोवर आपल्या सिनेमात येऊन पोचला होता. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन ही खरी बीन नव्हतीच. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन हे विजेवर चालणारे वाद्य वाजवले होते. आमच्या गावोगावच्या बँडवाल्यांनी ती धून क्लॅरोनेटवर बसवली, आणि तिच्यावर माणसे रुमाल तोंडात धरून लोळून नाचली. म्हणजे ज्या यंत्राला मी नाके मुरडली, त्याच यंत्राच्या धुनेवर आमच्या घरातल्या चुली पेटल्या होत्या. हे लक्षात आले तेव्हा मी दोन दिवस नातीच्या खोलीकडे फिरकलो नाही.

परक्या वाद्यांचा ठपका

अण्णांवर त्या काळी ठपका होता तो हाच. चांगल्या गुरूकडे शिकलेला मुलगा, आणि क्लबातले बाजे आणून चाली उथळ करतो. हा ठपका ठेवणाऱ्यांनी १९५३ चा ‘अनारकली’ ऐकल्यावर काय म्हटले असेल? ज्या हातांनी ‘अलबेला’ केला, त्याच हातांनी दोन वर्षांत लता मंगेशकरांच्या आवाजातला तो ‘अनारकली’ उभा केला. त्यातली बागेश्रीची चाल ऐकताना आजही विनायकबुवांची तालीम आठवते. १९५५ च्या ‘आझाद’चीही गोष्ट तशीच. निर्मात्याला सगळी गाणी महिनाभरात हवी होती; नौशाद यांनी एवढ्या घाईत काम घ्यायला नकार दिला आणि अण्णांनी ते घेतले, असे नेहमी सांगितले जाते. दिलीपकुमारसाठी एक द्वंद्वगीत लतादीदींबरोबर ते स्वतःच गायले. घाईत केलेल्या त्या गाण्यांना आज सत्तरीच्या वर वर्षे झाली आणि ती अजून शिळी झालेली नाहीत. १९५९ साली शांतारामबापूंच्या ‘नवरंग’मध्ये वाद्यमेळ पुन्हा मातीकडे वळला.

नातीने मला तिच्या यंत्रातले कृत्रिम वाद्य कसे घडते ते दाखवले. आधी एक ओबडधोबड लाट घ्यायची. मग गाळणी लावून तिच्यातली धार कमी-जास्त करायची. मग स्वर कसा उगवावा, किती टिकावा आणि कसा विझावा, याची रेघ आखायची. तबल्यासारखा झटकन उगवून विझला तर एक वाद्य, सारंगीसारखा हळूहळू उमलला तर दुसरे. मी ऐकत राहिलो. क्लॅरोनेट शिकवताना वडील मला हेच सांगत. पत्तीला जीभ लागली की स्वर टोकदार उगवतो, नुसत्या श्वासाने काढला की मऊ. धार कमी करायची ती ओठांनी. आम्ही ओठ आणि जीभ वापरत होतो, ती रेघा वापरते.

मग मला आजवर नेमका राग कशाचा होता? वाद्य परके असण्याचा नक्कीच नाही. क्लॅरोनेट काही प्रवरेकाठी उगवलेले नाही. इंग्रजांच्या लष्करी बँडमधून ते आपल्या वरातीत आले. राग होता तो अठरा माणसांचा रोजगार गेल्याचा आणि वडिलांचे युफोनियम गेल्याचा. तो राग मी संगीताच्या नावावर खपवत होतो.

उतार

१९६२ च्या युद्धानंतर कवी प्रदीप यांनी लिहिलेले गीत अण्णांनी स्वरबद्ध केले. काही वर्षांच्या दुराव्यानंतर लता मंगेशकर त्यांच्या चालीवर पुन्हा गाणार होत्या. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत त्यांनी ते गायले, आणि त्यानंतर काय झाले हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या चालीत सॅक्सोफोनची खोडी नाही, ठेक्याची करामत नाही. भरपूर वाद्ये हाताशी असलेल्या माणसाने ती कुठे बाजूला ठेवायची, हे त्यातून शिकावे.

तरीही त्यानंतर काम कमी होत गेले. चव बदलली, नवे संगीतकार आले, आणि ज्या नव्या वाद्यांची दारे अण्णांनी उघडली होती, त्याच दारांतून दुसरे आत गेले. मला हे वाचताना आमचा बँड आठवतो. काळाने मागे टाकले म्हणून तोंड फिरवून बसणे सोपे असते. मी तेच केले. अण्णा मराठीकडे वळले. ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) हे दोन मराठी चित्रपट त्यांनी काढले आणि त्यांत कामही केले. म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी निसटलेला नट त्यांनी पुन्हा उभा केला. ‘घरकुल’ची गाणी आजही घराघरांत म्हटली जातात. गदिमांच्या ‘गीतगोपाल’ला त्यांनी चाली दिल्या. १९७७ साली ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिले. ते स्पष्ट आहे आणि काहींना झोंबणारेही ठरले.

५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अण्णा गेले. चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. त्याच साली मुंबईतल्या चरणजित सिंग या सिने-वादकाने रोलँड कंपनीच्या नव्या यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. ती तेव्हा खपली नाही. पुढे २०१० साली परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जाणकार चकित झाले. १९८२ च्याच शेवटी जपानमध्ये कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीला आली. १९८३ साली मिडीची पद्धत जाहीर झाली. नवे पर्व आणि अण्णा यांची चुकामूक अशी वर्षभराची.

पुन्हा आमच्या घरी

संक्रांतीच्या आधी नातीने मला तिच्या चालीवर क्लॅरोनेट वाजवायला बसवले. संगणकावर रेकॉर्डिंग करायला ती ऑडॅसिटी नावाची फुकट मिळणारी आज्ञावली वापरते. पंखा बंद केला, खिडकीला गोधडी लावली, कारण भिंतींवरून परतणारा आवाज नंतर सहजासहजी काढता येत नाही. माझ्या कानात तिचा ठेका, समोर मायक्रोफोन. वाजवून झाल्यावर माझा आवाज पडद्यावर डोंगररांगेसारखा दिसत होता, आणि त्यात स्पष्ट दिसत होते, की मी बऱ्याच ठिकाणी ठेक्याच्या किंचित मागे आहे.

यंत्राला हे सरळ करता येते. तिने एक प्रत सरळ केली, एक तशीच ठेवली आणि दोन्ही ऐकवल्या. सरळ केलेली निर्दोष होती आणि निर्जीवही. दोन जागी मात्र मी मागे नव्हतो, चक्क चुकलो होतो. तिने त्या दोनच जागा दुरुस्त केल्या. वयाचा मान ठेवून चूक सोडून दिली नाही, याचे मला बरे वाटले.

एवढ्यात मुलगा दारात येऊन उभा राहिला. थोडा वेळ ऐकून तो मुलीला म्हणाला, की आबांचे खालचे स्वर तुझ्या जाड स्वराखाली दबतात. दीडशे ते तीनशे हर्ट्झच्या मधला भाग तिथून थोडा उतरव. तिने उतरवला. माझे खालच्या सप्तकातले स्वर धुके विरावे तसे वर आले. अठरा वर्षांहून अधिक काळ स्पीकरशेजारी उभा राहिलेल्या माझ्या मुलाला असा कान आहे, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक होणार कसे? मी एकदाही त्याच्या कार्यक्रमाला गेलो नव्हतो.

युफोनियम काही परत येणार नाही. लॅपटॉपमध्ये त्याचा नमुना-आवाज आहे, नातीने तो वाजवूनही दाखवला. चांगला आहे, पण वडिलांचा नाही. ते तिघांनाही कळले आणि कुणी बोलले नाही.

१२ जानेवारीला आम्ही तिघे पुणतांब्याला जाऊन आलो. गाडी मुलाने चालवली. गोदावरीवर हातपाय धुतले, चांगदेवांचे दर्शन घेतले आणि स्टेशनवर चहा घेतला. तेवढ्यात एक मालगाडी आली. नातीने मोबाईल पुढे धरला आणि शेवटचा डबा जाईपर्यंत रुळांच्या सांध्यांवरचा चाकांचा ठेका टिपून घेतला. परतताना बाभळेश्वरपर्यंत गाडीत कुणी काही बोलले नाही. पुढे मुलाने स्टिअरिंगवर बोटांनी तोच ठेका धरला, आणि मी त्यावर शीळ घालून पाहिली.